एमजीबीचा इंडिकेटर: स्प्रे मारला की काही आठवडे चालतो, मग पुन्हा बंद

डावीकडे वळायला दांडी हलवली की इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही. दांडी बोटानं जरा दाबून धरली की लागतो, सोडली की विझतो. उजवी बाजू मात्र ठणठणीत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही आठवडे सगळं सुरळीत चालतं, आणि मग ऐन नळ स्टॉपच्या चौकात मागचा रिक्षावाला आपला उद्धार करतो. पुण्यात हे दुखणं जुलै-ऑगस्टमध्ये उफाळतं आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आपोआप दबतं. त्यामुळे "झालं, सुटलं" असं वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणी कव्हर उघडत नाही.

खाली जे लिहिलंय ते 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबीबद्दल आहे, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या स्पोर्ट्स गाडीबद्दल. मिजेट असो, ट्रायम्फ असो, लुकास या ब्रिटिश कंपनीचं वायरिंग असलेल्या त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, कारण तारांचे रंगसुद्धा तेच आहेत. आपल्याकडची अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यावर हात बसलेला जुना वायरमन मिळाला तर त्याला हे रंग समजावून सांगावे लागत नाहीत. असा माणूस नाना पेठेत अजून सापडतो, पण तो पहिला सल्ला हमखास हाच देईल: "साहेब, हा स्विच टाका काढून, युनिव्हर्सल बसवतो, दोन तासांत गाडी घेऊन जा." त्याच्या जागी तो बरोबर आहे, त्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते. तरी त्याला नम्रपणे "नको मिस्त्री, हाच नीट करून बघू" असं सांगावं. कुठल्याही गाडीला चालणाऱ्या अशा युनिव्हर्सल दांडीला स्टिअरिंग कॉलमवरचं कव्हर कापावं लागतं, डिपर-हॉर्नची जुळणी बिघडते, आणि मूळ दुखणं दुसरीकडे असेल तर नवीन स्विचही त्याच वाटेनं जळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो, कारण आपण स्विचची तपासणी मल्टिमीटरच्या बीपवर करतो. बीप वाजली म्हणजे तार जोडलेली आहे एवढंच कळतं. मीटर त्या कॉन्टॅक्टमधून काही मिलिअँपिअर पाठवतो. इंडिकेटर लागतो तेव्हा पुढचा आणि मागचा मिळून 21 वॉटचे दोन बल्ब त्याच कॉन्टॅक्टमधून जेवतात, म्हणजे साधारण 3.5 अँपिअर. कळकलेल्या पितळेवरचा एखादा सुईच्या टोकाएवढा स्वच्छ ठिपका मीटरला पुरतो, बल्बांना पुरत नाही. तिथे 1 व्होल्ट जरी अडकला तरी साडेतीन वॉटची उष्णता त्या इवल्याशा जागेत तयार होते. कॉन्टॅक्टवर दाब देणाऱ्या स्विचमधल्या लवचिक पट्टीचा ताण त्या उष्णतेनं जातो, ताण गेला की दाब कमी होतो, दाब कमी झाला की आणखी उष्णता. स्प्रेनं वरचा थर निघतो, गेलेला ताण परत येत नाही.

स्विचला हात लावण्याआधी

दोन्ही बाजू बंद असतील तर स्विचवर संशय घेऊ नका. तिथे फ्यूज, इग्निशनवरून येणारी हिरवी तार, फ्लॅशर (दिवे मिचकवणारा डबा), आणि ज्या गाड्यांना हॅझर्ड (चारही दिवे एकदम मिचकवण्याची सोय) आहे तिथे हॅझर्डचा स्विच, असा क्रम लावा. हॅझर्ड असलेल्या गाडीत इंडिकेटरचा पुरवठा हॅझर्ड स्विचच्या "बंद" बाजूच्या कॉन्टॅक्टमधून फिरून येतो. तो स्विच वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, म्हणून तो आतून कळकतो. दहा-पंधरा वेळा चालू-बंद करून बघा. तेवढ्यानं इंडिकेटर जागे झाले तर आजार तिथेच आहे, दांडी उघडायची गरज नाही.

फ्यूजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं तो तो उडण्याचा आकडा आहे; कायम वाहू देण्याची त्याची क्षमता 17 अँपिअर. आपल्याकडच्या दुकानात 35 अँपिअरचा काचेचा फ्यूज मागितला तर मिळेल तो कायम 35 वाहू देणारा. तो लावला की वायर आधी पेटेल, फ्यूज नंतर उडेल. 15 किंवा फार तर 17 चा घ्या. फ्यूजच्या क्लिपाही बघा, त्या सैल पडून हिरवट झालेल्या असतात.

एकच बाजू बंद असेल पण त्या बाजूचे दोन्ही दिवे एकदम जात असतील, तर स्विच किंवा त्याच्या लगतची तार. एकच दिवा जात असेल तर बल्ब, होल्डर किंवा अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी. हॅझर्ड लावून चारही दिवे जोमानं मिचकत असतील तर दिवे आणि अर्थ दोन्ही संशयातून सुटले, उरला फक्त स्विच आणि त्याचा पुरवठा. ही तपासणी फुकट आहे आणि अर्धा दिवस वाचवते.

मागच्या दिव्यांची अर्थ गेल्याची खूण निराळी असते. इंडिकेटर लावून ब्रेक दाबला की दिवे एकमेकांच्या तालावर मंद-तेज होऊ लागतात, कारण करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून जातो. डिकीच्या आतून होल्डर काढा, गंज खरवडा, आणि शंका असेल तर काळी वेगळी तार टाकून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला बांधा. पुढच्या दिव्यांचे बुलेट कनेक्टर जाळीच्या मागे, रेडिएटरपाशी असतात. पाणी आणि चिखल सगळा त्यांच्यावर. गाडी बरेच दिवस उघड्यावर उभी राहत असेल तर दिव्याच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं मिळेल, तेही काढा.

खरी तपासणी: दिवा पेटवून व्होल्ट मोजा

यासाठी फ्लॅशर बाजूला ठेवावा लागतो, कारण मिचकत्या दिव्यावर मीटरचा आकडा स्थिर राहत नाही. फ्लॅशरच्या बी टर्मिनलची हिरवी तार आणि एल टर्मिनलची तार, फिक्या हिरव्यावर तपकिरी रेघ असलेली, काढून एकमेकींना जोडा. जोडताना मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज असलेला तुकडा वापरा. आता दांडी डावीकडे केली की डावे दिवे न मिचकता सलग पेटतील.

इग्निशन चालू आणि इंजिन बंद असं हे काम चालतं, आणि डिस्ट्रिब्युटरमधले प्लॅटिनम पॉइंट नेमके टेकलेले असतील तर कॉइल तापत राहते. म्हणून कॉइलकडे जाणारी इग्निशनची तार आधी काढा आणि टोकाला टेप गुंडाळा. हे मिस्त्रीही विसरतात.

आता मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक स्विचमध्ये जाणाऱ्या फिक्या हिरव्या-तपकिरी तारेवर, दुसरं बाहेर पडणाऱ्या तारेवर. डाव्या बाजूची तार हिरवी, लाल रेघेची; उजवीची हिरवी, पांढऱ्या रेघेची. दिवा पेटलेला असताना या दोन टोकांमध्ये जो आकडा दिसतो तो स्विचनं खाल्लेला व्होल्टेज. 0.1 च्या आसपास असेल तर स्विच चांगला. 0.3 च्या वर गेला तर उघडायला हवा. दांडी हलकेच वर-खाली करताना आकडा नाचत असेल तर पट्टीचा दाब गेलाय, मग आकडा कितीही कमी असो.

नुसत्या स्विचवर थांबू नका. बॅटरीच्या टोकांवर किती आणि बल्बच्या टोकांवर किती हे मोजा. त्यांतला फरक कुठे कुठे जातोय ते चार तुकड्यांत बघा: बॅटरीपासून फ्लॅशरपर्यंत, स्विचच्या आत, स्विचपासून बल्बपर्यंत, आणि बल्बच्या बाहेरच्या पत्र्यापासून परत बॅटरीपर्यंत. बल्बला 12 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळाले तर उजेड साधारण एक तृतीयांशानं घटतो. दुपारच्या उन्हात सिंहगड रोडवर तो दिसतच नाही. अनेक गाड्यांमध्ये स्विचचा वाटा त्यात थोडाच निघतो. बाकीचं फ्यूजच्या क्लिपा आणि अर्थ खातात.

1967 पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ होती, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. तशी गाडी असेल तर मीटरची टोकं उलटी धरायची, बाकी गणित तेच. गाडी नंतर निगेटिव्ह केली असेल तर ते आधी बॅटरीवर बघून घ्या, कागदपत्रांवर विसंबू नका.

स्विच बाहेर काढणं

आधी बॅटरीची अर्थ काढा. 1974 च्या सुमारापर्यंत या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे असतात, त्यामुळे हे काम आळसावर टाकलं जातं. टाकू नका. कॉलमजवळच्या जाड तपकिरी तारेला फ्यूज नसतो आणि स्क्रूड्रायव्हर घसरला तर धूर येतो.

कॉलमचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन भागांत असतं. पन्नास वर्षांच्या प्लॅस्टिकचे कान स्क्रू काढतानाच तुटतात, म्हणून स्क्रू अगदी बरोबर बसणारा ड्रायव्हर घ्या आणि ओढाताण करू नका. स्टिअरिंग साधारणपणे काढावं लागत नाही. चाकं सरळ ठेवा आणि स्टिअरिंगची जागा कॉलमवर टेपनं खूण करून ठेवा, त्याचा उपयोग शेवटी होतो. स्विचच्या तारा डॅशखालच्या कनेक्टरपाशी सुटतात. सोडवण्याआधी फोटो काढा, रंग दिसतील असा. पन्नास वर्षांत हिरवा, फिका हिरवा आणि काळपट हिरवा हे तिघे एकसारखे दिसू लागतात, म्हणून इन्सुलेशन थोडं पुसून रेघ नीट बघा.

आत काय मिळतं

पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. दांडी जागेवर थांबवणारी बारीक स्टीलची गोळी आणि तिची स्प्रिंग उडाली की ती थेट सोफ्याखाली जाते. काही स्विच रिव्हेटनं बंद असतात. रिव्हेट छोट्या ड्रिलनं हळू काढा, नंतर त्या जागी बारीक नट-बोल्ट बसतो. मात्र बोल्टचं डोकं कव्हरला घासणार नाही हे तपासा.

आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. त्यात पितळेचा भुगा मिसळून काळी पेस्ट होते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कानातल्या काडीनं काढा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. साफ झाल्यावर कॉन्टॅक्ट भिंगाखाली बघा. नुसतं कळकलेलं असेल, म्हणजे हिरवट-काळपट थर, तर 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरनं निघतं. बारीक खड्डे पडलेले असतील तर ते पूर्ण सपाट करायच्या नादाला लागू नका. वरचा मुलामा जाईल आणि खालचं पितळ दुप्पट वेगानं कळकेल. उंचवटे निघाले आणि अर्ध्याहून जास्त भाग चमकला की पुरे. कानस तर हातातही घेऊ नका.

आता पट्टी. तिचा रंग निळसर-जांभळा झाला असेल तर ती तापून नरम पडली आहे, कितीही वाकवली तरी आठवड्याभरात पुन्हा सैल होईल. अशी पट्टी बदलावीच लागते. फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून मिळते. न मिळाल्यास जुन्या मोठ्या रिलेतली पट्टी कापून चालते. आकार जुन्यावरून कागदावर काढून घ्या. जुनी पट्टी नुसतीच पिवळी-तपकिरी आणि लवचिक असेल तर नाकाड्या पक्कडीनं किंचित वाकवून दाब वाढवता येतो. किती वाकवायचं? दांडी मध्यावर असताना कॉन्टॅक्ट सुटला पाहिजे आणि बाजूला नेताना पट्टी थोडी दबून घसरली पाहिजे. ते घसरणंच कॉन्टॅक्टला स्वच्छ ठेवतं.

वंगणाचा भाग इथे बहुतेक जण चुकवतात. कॉन्टॅक्टवर सिलिकॉन ग्रीस नको. स्विच सुटताना बारीक ठिणगी पडते, त्या ठिणगीत सिलिकॉनची राख वाळूसारखी होऊन बसते आणि ती वीज वाहू देत नाही. गंज सैल करायच्या सर्वसाधारण स्प्रेचीही चिकट पापुद्री मागे राहते आणि तिच्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्टवर साध्या व्हॅसलिनचा नखाएवढाही नाही इतका हात फिरवा. गोळी आणि खाचेला लिथिअम ग्रीस. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका.

दांडीच्या बुडाशी तारा वाकतात तिथेच त्या तुटतात, इन्सुलेशन शाबूत आणि आतलं तांबं गेलेलं. बोटांनी तार दुमडून बघा, तुटलेल्या जागी ती दोरीसारखी लिबलिबीत लागते. मूळ तार 14 धाग्यांची आहे, प्रत्येक धागा सुमारे 0.3 मिलिमीटरचा, म्हणजे आजची 1 चौरस मिलिमीटर तार चपखल. घरगुती वायरिंगची एकाच जाड काडीची तार इथे टाकू नका, ती वाकून वाकून पुन्हा तुटेल. सोल्डर केलेला जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब ठेवा, कारण सोल्डर जिथे संपतो तिथेच तार कडक होऊन मोडते. वर हीट श्रिंक स्लीव्ह.

प्लॅस्टिकचा बारीक खिळा किंवा कान मोडला असेल तर पितळी पिन बसवून इपॉक्सीनं पक्का होतो. बोहरी आळीत लहान पिना सुट्या मिळतात. जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, एखादा मूळ लुकास स्विच नशिबानं मिळतो. भाव घासाघीस केल्याशिवाय ठरवू नका आणि आतला कॉन्टॅक्ट न बघता पैसे देऊ नका.

एलईडी आणि रिलेचं काय

करंट कमी केला तर स्विच वाचेल, हा विचार बरोबर आहे. पण एलईडी टाकले की जुना गरम होऊन मिचकणारा फ्लॅशर हलतच नाही, त्याला तापायला पुरेसा करंट मिळत नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हवा, आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो आणि एलईडी दोन्ही त्या ध्रुवाचेच घ्यावे लागतात. पिवळसर काचेमागे पांढरा एलईडी फिकट दिसतो, तोच पिवळा लावा. नोंदणी नूतनीकरणासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी नेणार असाल तर मिचकण्याचा वेग आधी घड्याळ लावून मोजा. मिनिटाला 60 ते 120 मध्ये बसला पाहिजे.

दोन रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे विजेचे स्विच) लावून स्विचवरचा भार काढण्याची युक्तीही सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. रिलेच्या कॉइलला इतका थोडा करंट लागतो की कळकलेल्या कॉन्टॅक्टवरचा थर जाळून काढायला तो पुरत नाही, आणि पावसाळ्यात हाच बिघाड दुसऱ्या रूपानं परत येतो. कॉन्टॅक्टचा दाब नीट असेल तर साडेतीन अँपिअर ही त्या स्विचसाठी मोठी गोष्ट नाही. तो त्याचसाठी बनवला होता.

परत बसवताना

जोडल्यावर, कव्हर लावण्याआधी, वरची व्होल्टची तपासणी पुन्हा करा आणि आकडे लिहून ठेवा: डावा, उजवा, बल्बवरचे. पुढच्या ऑगस्टमध्ये तेच आकडे पुन्हा घेतले की कॉन्टॅक्ट घसरतोय का, हे दांडी बंद पडण्याआधीच कळेल. मग तात्पुरता जोड काढून फ्लॅशर लावा आणि कॉइलची तार परत जोडा.

दांडी आपोआप परत येत नसेल किंवा फक्त एका बाजूनं येत असेल तर स्विचला दोष देण्याआधी कॉलमवरची छोटी टोची बघा, वळण संपलं की दांडीला परत ढकलते ती. चाकं सरळ असताना ती स्विचच्या समोर, दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून असायला हवी. ती सरकलेली असली तर डावीकडे दांडी पाव फेरीत परत येते आणि उजवीकडे स्टिअरिंग अर्धं फिरलं तरी नाही. तुम्ही लावलेली टेपची खूण इथे कामाला येते. टोची समोर आणूनच स्विचचे स्क्रू आवळा, आणि आवळताना दांडी दोन्ही बाजूंना नेऊन परत येते का ते हातानं स्टिअरिंग फिरवत बघा. कव्हरचे स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि बोटांनी आवळता येतील तेवढेच. त्यात एखादा लांब स्क्रू चुकून लागला तर त्याचं टोक आतल्या तारेत घुसतं, आणि मग डावीकडे वळताना हॉर्न वाजतो.